पुण्यात राहून गावची पडीक जमीन पुन्हा लागवडीखाली आणायची असेल तर

पुण्यात नोकरी-धंद्यासाठी स्थिरावलेल्या कितीतरी घरांची भोर, वेल्हे (आता राजगड), मुळशी, मावळ, पुरंदर किंवा शिरूर-दौंडकडे वडिलोपार्जित जमीन असते. आजोबा होते तोवर ती कसली जात होती. पुढे कोणी वाट्याने केली, मग तेही थांबलं, आणि आता तिथे कमरेएवढं गवत आणि घाणेरीची जाळी. अशी जमीन पुन्हा करायची ठरली की पहिल्यांदा जेसीबीवाल्याचा नंबर शोधला जातो. माझं आग्रहाचं सांगणं आहे की जेसीबी हा या कामातला फार उशिराचा टप्पा आहे. जमीन पड का पडली आणि किती वर्षांची पड आहे, हे कळल्याशिवाय तिला लोखंड लावू नये.

आमची जमीन भोर तालुक्याच्या पश्चिम भागात, डोंगराच्या उतरणीला आहे. तिथे काम करताना जे कळत गेलं ते क्रमाने देतो. पूर्वेकडच्या तालुक्यांत काही गोष्टी वेगळ्या पडतात, त्या जागच्या जागी सांगितल्या आहेत. हा लेख ज्यांच्या घरात जमीन आधीपासून आहे त्यांच्यासाठी आहे. महाराष्ट्रात शेतजमीन विकत घ्यायला सर्वसाधारणपणे आधी शेतकरी असावं लागतं. तो विषय वेगळा.

१. पड कशामुळे आणि किती वर्षांची, ते आधी शोधा

सरकारी आकडेवारीत यंदा पेरली नाही ती चालू पड, एक ते पाच वर्षं न पेरलेली ती इतर पड आणि पाच वर्षांपेक्षा जास्त काळ तशीच राहिलेली ती लागवडयोग्य पडीक, असे गट करतात. कामाचा अंदाज बांधायलाही हीच विभागणी उपयोगी पडते. एखाददुसऱ्या वर्षाची पड नांगरट-कुळवणीने त्याच हंगामात पेरणीला येते. तीन-चार वर्षांच्या पडीत हरळी आणि लव्हाळा घट्ट बसलेला असतो. पाच-सात वर्षांच्या पुढे गेलं की झुडपं उभी राहतात, ताली (उतारावरचे दगड-मातीचे बांध) फुटलेल्या असतात, पावसाच्या पाण्याने आपली वाट बदललेली असते. अशा जमिनीला दोन हंगाम द्यायचे, असं मनाशी धरूनच सुरुवात करा.

पण वर्षांपेक्षा कारण महत्त्वाचं. काही जमिनी मुद्दाम पड ठेवल्या जातात. बारामती, इंदापूर, दौंड, शिरूरच्या कमी पावसाच्या पट्ट्यात रब्बी ज्वारीचं रान खरिपात मोकळं ठेवतात, कुळवून ओल मुरवतात आणि परतीच्या पावसावर ज्वारी पेरतात. जुलैत ते रान रिकामं दिसलं म्हणून ते पडीक नव्हे. पश्चिमेकडे भातखाचरांच्या वरच्या उताराच्या जमिनीला वरकस म्हणतात. तिथे एक वर्ष नाचणी, पुढे वरई, मग कारळा, आणि त्यानंतर काही वर्षं जमीन विसाव्याला सोडायची, ही सह्याद्रीतली जुनी रीत. त्या उतारावर माती थोडी, पाऊस प्रचंड. दरवर्षी नांगरली तर चार-पाच पावसाळ्यांत खाली मुरूम उरेल. अशा जमिनीत दरवर्षी पीक घेण्याचा हट्ट सोडून गवत आणि फळझाडांचा विचार करावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

काही जमिनी माणसं शहरात गेल्यामुळे पड पडतात. त्यांच्यात दोष काहीच नसतो, आणि त्या सगळ्यांत लवकर वळणावर येतात. काही मात्र बिघडल्यामुळे सोडून दिलेल्या असतात. कालव्याच्या पाण्याखाली वर्षानुवर्षं ऊस घेऊन खारवट किंवा चोपण (क्षारांनी घट्ट होऊन निचरा बंद झालेल्या) जमिनी पूर्वेच्या तालुक्यांत भेटतील. आणि काही जमिनी केवळ वाट बंद झाली म्हणून पड आहेत. तिथे माती उत्तम असते आणि भांडण बांधावर असतं.

हे शोधायचं कसं? दोन ठिकाणी. एक, गाव नमुना बारा. सातबाऱ्याचा खालचा भाग म्हणजे बारा, त्यात वर्षवार पिकं लिहिलेली असतात. संगणकीकृत उताऱ्यावर अलीकडची वर्षं मिळतील. त्याआधीचे हस्तलिखित उतारे तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून नक्कल काढून मिळतात, बरेचसे स्कॅन होऊन ऑनलाइनही आले आहेत. हे उतारे वर्षाच्या क्रमाने लावा आणि एकाच गटाच्या, म्हणजे एका नंबरच्या तुकड्याच्या, ओळी खाली खाली वाचत जा. आमच्या एका गटात नाचणी, वरई, पुढे काही वर्षं नुसतं ‘गवत’, पुन्हा नाचणी, असा फेरा दिसतो आणि मग एका टप्प्यानंतर सगळीकडे ‘गवतपड’. तेवढ्या ओळींवरून कळलं की ही वरकस आहे आणि शेवटची पड विसाव्याची नाही, माणसं गेल्याची आहे. शेजारच्या दुसऱ्या गटात मात्र सलग भात होता. एकाच खात्यातल्या दोन गटांना दोन वेगळ्या वागणुकी लागणार, हे कागदावरच ठरलं.

दुसरं ठिकाण म्हणजे शेजारी. बांधाला बांध लागून ज्यांनी आयुष्य काढलं त्यांच्याकडे जा, बसा, चहा घ्या. आमच्या शेजारच्या आबांनी पहिल्याच भेटीत सांगितलं, “त्या खालच्या कोपऱ्याला भात सोडून काही करू नका. तिथं दिवाळीपर्यंत पाणी हालत नाही.” हे कुठल्याही नकाशात नव्हतं.

२. कागद गोळा करा आणि नीट वाचा

एवढे कागद एका फायलीत लागतात:

- चालू सातबारा, डिजिटल स्वाक्षरीचा. महाभूमीच्या संकेतस्थळावर पैसे भरून मिळतो.
- आठ-अ, म्हणजे त्या गावातल्या तुमच्या खात्यावर एकूण किती क्षेत्र आहे ते.
- सातबाऱ्यावर नंबर दिसतात ते सगळे फेरफार, म्हणजे हक्कबदलाच्या नोंदी.
- गटाचा नकाशा. महाभूनकाशावर पाहता येतो, पण मोजणीसाठी भूमी अभिलेखची नक्कल घ्या.
- पूर्वीची मोजणी झाली असेल तर तिची ‘क’ प्रत.
- मूळ खातेदार वारले असतील तर मृत्यूचा दाखला, वारसांची यादी आणि प्रतिज्ञापत्र.
- आधार, आधारला जोडलेला मोबाइल आणि बँक पासबुक.

जुन्या खरेदीखतात सर्व्हे नंबर असतो आणि आजच्या उताऱ्यावर गट नंबर. १९४७ च्या कायद्याखाली एकत्रीकरण झालं तेव्हा नंबर बदलले. जुन्या-नव्या नंबरांचा मेळ भूमी अभिलेख कार्यालयातल्या गटबुकातून लागतो. हा मेळ लावल्याशिवाय पुढे गेलात तर भलत्याच गटात उभे राहाल.

आता सातबारा वाचताना कुठे थांबायचं ते सांगतो.

भोगवटादार वर्ग एक आहे की दोन, हे पहिलं पाहा. वर्ग दोनची जमीन कसायला अडचण नाही, पण ती विकायला किंवा गहाण टाकायला सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागू शकते. त्यामुळे कर्ज काढून विहीर करायचा बेत असेल तर हे आधी कळलेलं बरं.

इतर हक्कांचा रकाना शब्द न् शब्द वाचा. मुळशी, मावळ, वेल्हे, भोरच्या डोंगराळ गावांत तिथे वनाचा शेरा असू शकतो. १९७५ चा खाजगी वने संपादनाचा कायदा किंवा त्याआधीच्या वन कायद्याच्या नोटिसा यांमुळे हे शेरे आलेले असतात. तसा शेरा दिसला तर एक झुडूपही न तोडता आधी वन विभाग आणि महसूल, दोन्हीकडे खुलासा करून घ्या. धरणांच्या लाभक्षेत्रात पुनर्वसनाचे शेरे असतात. त्यांनी हस्तांतरण अडतं.

पोटखराबा किती आहे ते पाहा. खडक, नाला, चढ अशी लागवडीला अयोग्य धरलेली जागा म्हणजे पोटखराबा, आणि त्याचे अ आणि ब असे दोन वर्ग आहेत. वर्ग अ म्हणजे लागवडीला अयोग्य धरलेली. वर्ग ब म्हणजे रस्ता, पाणवठा, ओढा अशा सार्वजनिक वापरासाठी राखलेली. वर्ग ब मध्ये नांगर घालू नका, ती तुमच्या मशागतीची जागाच नाही. वर्ग अ चं पुढे सांगतो.

वारसनोंद झालेली नसेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून ती आधी करा. ई-हक्क प्रणालीतून घरबसल्या अर्ज करता येतो. तलाठी, म्हणजे आता ज्यांचं पदनाम ग्राम महसूल अधिकारी झालं आहे, ते नोटीस काढतात, हरकतीची मुदत संपते आणि मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतात. आत्या, विवाहित बहिणी, परदेशातला चुलतभाऊ अशी सगळी नावं यादीत घाला. एक नाव गाळलं की पुढे प्रत्येक योजनेचा अर्ज आणि प्रत्येक संमतिपत्र त्या नावापाशी अडतं. सामाईक खातं असेल तर बाकीच्या सहहिस्सेदारांना तुम्ही काय करणार आहात हे लेखी कळवा. घरच्या माणसांना चिठ्ठी कशाला, असं वाटेल, पण पीक उभं राहिल्यावर उठणारे प्रश्न त्या एका चिठ्ठीने टळतात.

पड जमिनीबद्दल दोन भीती गावात आणि शहरात सारख्याच फिरतात. पहिली, पड ठेवली तर सरकार घेतं. १९४८ च्या कूळ कायद्यात, धारकाच्या कसुरीमुळे सलग दोन वर्षं जमीन न कसल्यास चौकशी करून तिचं व्यवस्थापन सरकारने हाती घेण्याची तरतूद आहे. पण ती मालकी आपोआप जाण्याची तरतूद नाही. दुसरी, बारा वर्षं कोणी कसली की जमीन त्याची होते. हेही एवढं सोपं नाही. ताबा उघड, सलग आणि मालकाचा हक्क नाकारणारा असावा लागतो, आणि ते कोर्टात सिद्ध करावं लागतं. तरी तुमच्या जमिनीत सध्या कोणी पेरत असेल तर त्याच्याशी आधी नीट बोला, आणि वाट्याने देणार असाल तर कागद गावातल्या जाणत्या वकिलाकडून करून घ्या. कुळाचा प्रश्न इथूनच निर्माण होतो.

३. हद्द आणि वाट

मोजणीचा अर्ज भूमी अभिलेखकडे ऑनलाइन होतो. नियमित आणि द्रुतगती असे दोन प्रकार आहेत. घाई नसेल तर नियमित पुरते. मोजणीच्या दिवशी लगतच्या खातेदारांना नोटीस गेलेली असतेच, तरी तुम्ही स्वतः फोन करून “काका, तेवढं या, तुमच्यासमोर होऊ दे” असं म्हणा. हद्द दाखवली की त्याच दिवशी दगड रोवायला माणूस आणि पहार तयार ठेवा. खुणा पांढऱ्या चुन्याच्या असतात आणि एका सरीत जातात. झाडी इतकी दाट असेल की मोजणीदाराला आत शिरताच येणार नाही, तर हद्दीवरून चालण्यापुरती पायवाट आधी तोडून ठेवा.

ट्रॅक्टर जाईल अशी वाट आहे का, हे पावसाळ्याआधी बघून ठेवा. जुनी वहिवाटीची वाट कोणी अडवली असेल तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याच्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. वाट कधी नव्हतीच, तर महसूल संहितेच्या कलम १४३ खाली बांधावरून रस्ता मागता येतो. दोन्हींना वेळ लागतो. पोलीस पाटील किंवा सरपंचांच्या मध्यस्थीने बांधाच्या दोन्ही बाजूंनी थोडी थोडी जागा सोडून वाट निघाली तर ती जास्त टिकते, असा माझा अनुभव आहे.

४. एक पावसाळा नुसता बघा, आणि माती तपासा

जमत असेल तर कामाला हात घालण्याआधीच्या जुलै-ऑगस्टमध्ये भर पावसात एकदा जमिनीवर जा. पाणी कुठून आत येतं, कुठे साचतं, कुठून बाहेर पडतं हे कागदावर रेखाटून घ्या. उन्हाळ्यात सपाट दिसणारं रान पावसात आपला खरा उतार दाखवतं. तेवढ्या एका फेरीवर पुढची ताल, सांडवा (जादा पाणी बाहेर सोडायची वाट) आणि झाडांच्या ओळी ठरतात. गमबूट घाला आणि हातात काठी ठेवा. जुन्या पडीत दगडांच्या बांधाखाली फुरसं आणि घोणस असते. जुन्नर, आंबेगाव, शिरूरकडे बिबट्याचा वावर आहे. तिथे उसाच्या कडेने दिवेलागणीनंतर एकट्याने फिरू नका.

माती तपासायला दिवाळीनंतरचे दिवस बरे. एकसारख्या दिसणाऱ्या भागातून नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी खड्डे घ्या. वरचं गवत बाजूला करा, इंग्रजी व्ही अक्षरासारखा वीतभर खोल खड्डा करा आणि त्याच्या उभ्या बाजूची दोन बोटं जाडीची माती वरपासून तळापर्यंत तासून घ्या. सगळी माती गोणपाटावर एकत्र करा, तिचे चार भाग पाडून समोरासमोरचे दोन टाका, असं करत अर्धा किलो उरवा. खताची रिकामी पिशवी वापरू नका, निकाल फसतो. झाडाखालची, बांधालगतची आणि जनावरं बसतात तिथली माती घेऊ नका. फळझाडं लावायची असतील तर एक खोल खड्डा घेऊन थरांचे नमुने वेगळे द्या. पश्चिमेकडे हातभर खाली मुरूम किंवा कातळ लागतो का, हेही तिथेच समजतं.

तपासणी शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयात किंवा कृषी विभागाच्या मृद चाचणी प्रयोगशाळेत होते. उत्तरेकडच्यांना नारायणगावचं आणि पूर्वेकडच्यांना बारामतीचं कृषी विज्ञान केंद्र जवळ. अहवालात तीन आकडे आधी बघा. सामू (पीएच) साडेसहा ते साडेसातच्या आसपास असेल तर काळजी नाही. साडेआठच्या वर गेला तर जमीन चोपणाकडे झुकली आहे, तिथे जिप्सम आणि निचऱ्याची चर वैज्ञानिकांच्या सल्ल्यानेच. क्षारांचं प्रमाण एकच्या वर असेल तर पिकाची निवड जपून करा. सेंद्रिय कर्ब पाहा; वर्षानुवर्षं गवत कुजत राहिलेल्या पडीत तो शेजारच्या कसलेल्या रानापेक्षा बरा निघू शकतो. पडीची हीच खरी कमाई असते, आणि पेटवून दिल्यावर किंवा खरवडल्यावर ती एका दिवसात जाते.

५. साफसफाई: तोडू नका, उपटा. आणि पेटवू तर मुळीच नका

डोंगराकडेला फेब्रुवारी-मार्चमध्ये गवत पेटवायची सवय आहे. कृपा करून ते करू नका. वणवा बांध ओलांडून शेजाऱ्याच्या आंब्यापर्यंत आणि वर जंगलापर्यंत जातो. पेटल्याने हरळीच्या मुळ्या मरत नाहीत, वरचा कुजलेला थर मात्र राख होतो आणि पहिल्या पावसात वाहून जातो.

घाणेरी नुसती कोयत्याने छाटली की दुप्पट जोमाने फुटते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये माती ओली असते तेव्हा टिकावाने बुडख्यासकट काढा. पूर्वेकडची वेडी बाभूळसुद्धा जमिनीलगत तोडली तर फुटतेच. तिचा बुंधा फूटभर खोल खणून काढावा लागतो.

गाजरगवताची भारतातली पहिली नोंद पुण्यातलीच, १९५० च्या दशकातली. आज ते कुठे नाही असं नाही. फुलं येण्याआधी उपटायचं, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घालूनच. अनेकांना त्याने अंगावर खाज आणि पुरळ येतं, काहींना दमाही होतो. फुलं यायच्या आधीच उपटलेलं गाजरगवत कंपोस्टात चालतं.

हरळी, लव्हाळा आणि कुंदा यांच्याकडे जास्त लक्ष द्या, कारण खरा दम तेच काढतात. इथला सगळ्यांत मोठा सापळा म्हणजे रोटाव्हेटर. फिरवल्यावर रान गादीसारखं मऊ दिसतं आणि समाधान वाटतं. पण रोटाव्हेटरने हरळीच्या प्रत्येक कांडीचे आणि लव्हाळ्याच्या गाठींच्या साखळीचे तुकडे करून ते रानभर पेरलेले असतात. पहिला पाऊस झाला की प्रत्येक तुकडा फुटतो. हरळीच्या रानात पहिलं वर्ष रोटाव्हेटरला मनाई समजा.

झाडं तोडताना थांबा. १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आंबा, जांभूळ, हिरडा, चिंच, साग, खैर, फणस, ऐन अशी झाडं आहेत. स्वतःच्या जमिनीतलीसुद्धा परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. आणि खरं सांगायचं तर तोडूही नयेत. पडीत आपोआप वाढलेला जांभूळ किंवा हिरडा ही तुमची पाणी न घालता वाढलेली फळबाग आहे.

६. यंत्र कधी आणि कसं आणायचं

आधी ताली आणि बांध, मग नांगर. दुरुस्ती वरच्या तालीपासून खाली करत या. वरची फुटकी ठेवून खालची बांधली तर पहिल्या मोठ्या पावसात वरचं सगळं पाणी खालच्या तालीवर येतं. प्रत्येक तालीला दगड रचून सांडवा ठेवा. तोही एकाखाली एक नको, एकाचा उजवीकडे तर खालचा डावीकडे, म्हणजे पाणी रानातून फिरून जातं.

उताराला समपातळी रेषा काढायला महागडं साधन लागत नाही. दोन सारख्या लांबीचे बांबू वरच्या टोकाला बांधा, मध्ये आडवी काठी बांधा, वरून दोरीला दगड लोंबकळत सोडा. दोन्ही पाय सपाट फरशीवर ठेवून दोरी आडव्या काठीवर जिथे येते तिथे खूण करा, मग पायांची अदलाबदल करून पुन्हा खूण करा. दोन्ही खुणांच्या मधोमध तुमची समपातळी. मग रानात एक पाय खुंटीवर ठेवून दुसरा पाय वर-खाली सरकवत दोरी मधल्या खुणेवर आणायची, तिथे दुसरी खुंटी ठोकायची, असं पुढे जायचं. दोन माणसांत एका सकाळी एकराच्या ओळी निघतात. नांगर, कुळव, पेरणी सगळं याच रेषेने, उताराला आडवं.

जेसीबी फक्त मोठे दगड, बुडखे आणि ताली यांच्यासाठी. तासाचा दर आधी ठरवा, चालू तास मीटरवर बघून लिहून घ्या आणि काम चालू असताना स्वतः उभे राहा. सपाटीकरण करायचंच असेल तर वरची वीतभर माती आधी एका बाजूला ओढून ठेवायला लावा आणि खालचा मुरूम सरकवून झाल्यावर ती परत पसरायला लावा. हे न सांगता सोडलं तर सुंदर सपाट रान मिळेल आणि त्यात मुरूम वर, माती खाली. “रान फुकट सपाट करून देतो, मुरूम आमचा” अशी गोड बोली कोणी लावली तर नाही म्हणा. मुरूम हे गौण खनिज आहे. परवानगी आणि स्वामित्वधनाशिवाय तो बाहेर गेला तर दंडाची नोटीस सातबाऱ्यावरच्या नावाने, म्हणजे तुम्हाला येते.

नांगरट एप्रिल-मे महिन्यात, पलटी नांगराने, खोल. ढेकळं तशीच उन्हात तापू द्या. हरळीच्या मुळ्या वर येऊन वाळतात, त्या दाताळ्याने गोळा करून बांधावर टाका. वळवाचा पाऊस झाला की वापसा आल्यावर कुळवणी. वापसा ओळखायचा असा: मूठभर माती घ्या, दाबा. पाणी सुटलं किंवा हाताला चिकटली तर थांबा. लाडू वळला आणि कमरेच्या उंचीवरून सोडल्यावर फुटला, तर कुळव घाला. शनिवार-रविवारीच वेळ मिळतो म्हणून ओल्या रानात ट्रॅक्टर घालणं हा शहरातून येणाऱ्यांचा नेहमीचा घोटाळा. चाकाखाली दाबलेली काळी माती पुढे वर्षभर दगड होऊन बसते. वापसा मंगळवारी आला तर काम मंगळवारी झालं पाहिजे, आणि म्हणूनच गावात विश्वासाचा एक माणूस हवा, त्याची मजुरी ठरलेली आणि वेळच्या वेळी दिलेली.

७. पहिलं वर्ष उत्पन्नाचं धरू नका

पहिल्या खरिपात जमिनीला खायला घाला. ताग एकरी वीस-पंचवीस किलो पेरा आणि फुलावर येताच, म्हणजे पंचेचाळीस-पन्नास दिवसांनी, जमिनीत गाडा. गाडताना ओल हवी, कोरड्यात तो कुजत नाही. पाणी साचणाऱ्या किंवा खारवट भागात तागाऐवजी धैंचा घ्या. दाट ताग हरळीवर सावली धरतो, हा दुसरा फायदा. हलक्या मुरमाड रानात हुलगा किंवा मटकी टाकली तर फारशी देखभाल न करता जमीन झाकली जाते आणि घरापुरती उसळही मिळते. जुनी खाचरं नीट असतील तर भात पहिल्याच वर्षी घ्यायला हरकत नाही, आणि वरकसात नाचणी किंवा वरई.

फळझाडं दुसऱ्या वर्षी. खड्डे मात्र त्याआधीच्या एप्रिलमध्ये घेऊन तापू द्या, वरची माती आणि शेणखताने भरा, आणि पावसाने चांगली ओल झाल्यावर रोप लावा. पुरंदर-भोरकडे सीताफळ, अंजीर यांची माहिती हवी असेल तर पुरंदर तालुक्यातलं जाधववाडीचं संशोधन केंद्र बघून या. तिथली झाडं डोळ्यांनी पाहिल्यावर रोपवाटिकेतल्या गप्पांना भुलायला होत नाही. किती झाडं लावायची, हे जागेवरून नव्हे तर पहिल्या दोन उन्हाळ्यांत तुम्ही कितींना पाणी देऊ शकता यावरून ठरवा. भाऊसाहेब फुंडकर फळबाग योजना, शेततळं, ठिबक यांचे अर्ज महाडीबीटी या शासनाच्या संकेतस्थळावर होतात आणि त्यासाठी आता शेतकरी ओळख क्रमांक लागतो, तो आधी काढून ठेवा. लागवड आधी आणि अर्ज नंतर केला तर अनुदान मिळत नाही. पूर्वसंमतीचं पत्र हातात आल्यावरच खड्ड्यात रोप.

८. कागदावरची पड काढा

रानात ताग डोलतोय आणि बाऱ्यावर अजून गवतपड, असं राहू देऊ नका. राज्यभर १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली, तेव्हापासून पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवरून करायची आहे. ॲप उघडून खाते क्रमांक आणि गट निवडा, हंगाम, पीक, क्षेत्र, पाण्याचं साधन भरा आणि शेतात उभं राहून फोटो काढा. कोथरूडच्या घरी बसून होत नाही, ॲप तुमची जागा तपासतं. काही डोंगराळ गावांत रेंज नसते, तिथे माहिती जागेवर साठवून रेंजमध्ये आल्यावर पाठवावी लागते, ती पाठवल्याची खात्री करा. गटाचा काही भाग अजून पडच असेल तर तो चालू पड म्हणून नोंदवा. कायम पडीचा पर्याय घर, विहीर, खडक अशा खरोखर कधीच न पेरल्या जाणाऱ्या जागेसाठी आहे. पुढच्या वर्षी पेरायची जागा तिथे टाकू नका. हंगामाची मुदत पाळा. पीककर्ज, पीकविमा, नुकसानभरपाई, सगळीकडे ही नोंद विचारली जाते. हिस्सेदार अनेक असतील तर कोणी किती क्षेत्राची नोंद करायची हे आधी बोलून घ्या, नाहीतर एकाने पूर्ण गट भरला की दुसऱ्याला जागा उरत नाही.

वर्ग अ चा पोटखराबा तुम्ही खरोखर लागवडीखाली आणला असेल, तर तो लागवडयोग्य क्षेत्रात घेता येतो. २०१८ मध्ये शासनाने नियमांत तशी दुरुस्ती केली. अर्ज तलाठ्यामार्फत जातो. सोबत सातबारा, आठ-अ, गटाचा नकाशा आणि त्या जागेवरच्या उभ्या पिकाचे फोटो लावा. स्थळपाहणी होते, पंचनामा आणि हातनकाशा तयार होतो, वरिष्ठांच्या मंजुरीनंतर आकारणी बसते आणि फेरफार होऊन सातबाऱ्यावरचं लागवडीचं क्षेत्र वाढतं. पाहणी पीक उभं असताना व्हावी म्हणून अर्ज पेरणीनंतर लगेच द्या, कापणीनंतर नको. अर्जाची पोच, तारखेसकट, फायलीत लावून ठेवा.